बावखलाचे मालक

मिहिका, गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, आपण कापडी पिशव्या वापरतो, बांबूचे ब्रश वापरतो, दात घासताना नळ बंद करतो, ह्याने खरंच काही होतं का गं?" शेजारून आरवही पडद्यात डोकावला. त्याच्या वर्गात म्हणे कुणीतरी सांगितलं होतं, की काहीच होत नाही. मी म्हटलं, विचार करून कळवते. तुम्हाला वाटलं असेल, आजीने इतकी वर्षं शाळेत शिकवलं, तिला एवढं लगेच सांगता येऊ नये? पण हा प्रश्न तुमच्याआधी एका माणसाने मला इतक्या वेळा आणि इतक्या बाजूंनी विचारला आहे, की हा विषय निघाला की मला आधी तो माणूसच दिसतो आणि उत्तर मागे राहतं. म्हणून तुम्हाला आधी तो माणूस पाठवते. शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण तो इंग्रजीत बसत नाही. दोनदा बसवून पाहिला. बाबांकडून वाचून घ्या.

आम्ही त्यांना 'मालक' म्हणायचो. दादर सोडून आम्ही विरारला आलो तेव्हा बोळिंजमध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पुढे शेजारीच सोसायटी उभी राहिली, तिच्यात आम्ही फ्लॅट घेतला, तरी ते मालकच राहिले आणि मी त्यांची 'बाई'. सोसायटीची जमीन त्यांच्या भावांची होती. भावांनी विकली, ह्यांनी आपला वाटा ठेवला. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं की पार्किंग, मग कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे एकदम केळी, अळू, मोगऱ्याच्या ओळी आणि मधोमध त्यांचं बावखल. बावखल म्हणजे तळं नव्हे आणि विहीरही नव्हे. वाडीत खणलेला, उतरत्या काठांचा मोठा खड्डा. त्यात पावसाचं पाणी साठतं आणि तळातून झऱ्यांचं येतं. ह्या भागातल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच पाण्यावर पिकल्या. तुम्ही लहान असताना तिथे बेडूक बघायला जायचा हट्ट धरायचात, ते हेच.

मालक मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांचं काम असं, की रंग लावलेले पत्रे गच्चीवर उन्हापावसात मांडून ठेवायचे आणि कुठला रंग कधी फिका पडतो, कुठला कधी पोपडे धरतो, ते बघत राहायचं. आयुष्यभर एखाद्याला हेच काम दिलं तर तो काय होईल? तो मालक होईल. निवृत्तीनंतर पत्रे संपले, तेव्हा त्यांनी आम्हाला बघायला घेतलं. खाकी अर्धी पँट, रंगाचे डाग पडलेला शर्ट आणि खिशात एक भिंग, अशा वेषात ते कुणाच्याही दारात उभे राहत. घरात येत नसत. उंबऱ्याबाहेरूनच विचारत.

पहिल्यांदा पकडलं ते दुधाच्या पिशव्यांवरून. मी पिशव्या धुऊन, दोरीवर चिमट्यांनी ओळीत लावून वाळवत असे आणि भंगारवाल्याला देत असे. मला त्या ओळीचा अभिमान होता.

"बाई, हे काय?"

"दुधाच्या पिशव्या. अशा दिल्या की त्यांचं पुन्हा काहीतरी बनतं."

"धुता कशानं?"

"पाण्याने."

"पानी कुठनं आलं?"

त्या दिवसांत सोसायटीला नळाचं पाणी पुरत नव्हतं. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून ते फक्त संडास-बाथरूमला. बाकी सगळं टँकरवर. टँकर खाली उभाच होता.

"टँकरने," मी म्हटलं.

"टँकर कशावर चालतो?"

"डिझेलवर." माझा आवाज वर्गात उभं केलेल्या मुलीसारखा झाला होता.

"म्हनजे डिझेल जाळून आनलेल्या पान्यानं तुम्ही प्लास्टिक धुता. बरं. चांगलं आहे." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी पिशव्या धुतल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांना वास येऊन मुंग्या लागल्या. मालक दारात आले, नाक वर केलं.

"धुतलं नाही वाटतं?"

"तुम्हीच म्हणालात ना!"

"मी कुठं म्हटलं धुवू नका? मी विचारलं पानी कुठनं आलं."

"मग धुवू?"

"मी कुठं म्हटलं धुवा?"

तुमचे आजोबा आत वर्तमानपत्राआड हसत होते. शेवटी मी तांदूळ धुतलेल्या पाण्यात पिशव्या खळबळायला लागले. मला वाटलं, आता तरी पसंत पडेल. ते म्हणाले, "तांदळाचं पानी मी अळूला मागनार होतो."

वैतागून मी एकदा त्यांच्या पत्नीकडे तक्रार केली. काकी मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांना काही विचारायचं नाही आनी ह्यांनी विचारलं तर ऐकायचं नाही. लग्नात मी ह्यांना विचारलेलं, गजरा कसा दिसतो. अजून बघतायत."

सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट पिशव्यांच्या उत्खननाची. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांनी वाडीच्या एका कोपऱ्यात निरनिराळ्या पिशव्या पुरून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्याशी बांबूची खुंटी ठोकली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मांजराची पिल्लं पुरली आहेत. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला बोलावलं. मी छत्रीला रबरी टोपण लावून, ती काठीसारखी टेकत चिखलातून गेले. मालक उकिडवे बसले आणि एकेक खुंटी काढून खुरप्याने उकरायला लागले.

कागदी पिशवीचा पत्ताच नव्हता. 'मातीत विरघळते' असं जिच्यावर छापलेलं होतं ती पिशवी धडधाकट निघाली. तिच्यातून त्या दिवशीही भाजी आणता आली असती. लग्नात नारळ घालून देतात ती, जिला आम्ही सगळे कापडी समजत होतो, ती तर पावसात धुऊन आणखी झळझळीत झाली होती. मालकांनी तिचा एक धागा काडीने पेटवून दाखवला, तर तो जळायच्या ऐवजी वितळून गोळा झाला. सगळ्यात शेवटी खरी सुती पिशवी. तिचं कापड कुजून मातीत गेलेलं, पण तिच्यावर छापलेली रंगाची अक्षरं एखाद्या सालीसारखी शाबूत होती. त्यांनी ती तळहातावर अलगद उचलली. 'झाडे लावा, झाडे जगवा.'

"कापड गेलं बाई," ते म्हणाले. "उपदेश राहिला."

मी विचारलं, "म्हणजे कागदी पिशवी सगळ्यात चांगली, असंच ना?"

"कागदीतून बोंबील आनून दाखवा."

"मग सुती?"

"सुती पिशवीला कापूस लागतो, कापसाला पानी लागतं, औषधं लागतात. आनी तुमच्या कपाटात अशा सुती पिशव्या किती आहेत? एक बास होती ना?"

माझ्या कपाटात त्या घड्या घालून, मापाप्रमाणे लावलेल्या, एक अख्खा कप्पा होता. मी म्हटलं, "पण तुमच्या ह्या प्रयोगातून कळलं काय?"

"काही नाही," ते समाधानाने म्हणाले. "एक पावसाळा बघितला. तो पन माझ्या मातीत. तुमचा कचरा जातो तिथं माती कुठं आहे?" आणि खुरपं पुसता पुसता त्यांनी कारखान्यातला नियम सांगितला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची बाई. पत्रा तोच, ऊन तेच, फक्त रंग दुसरा. दोन गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं ते देव पन सांगू शकनार नाही."

तुम्ही पाठवलेले बांबूचे ब्रशसुद्धा मी त्यांना दाखवले होते. दाखवायला नको होते असं आधी वाटलं. त्यांनी भिंगातून खोक्यावरचं बारीक छापलेलं वाचलं. बांबू चीनचा, तिथून ऑस्ट्रेलियाला, तुमच्याकडून बोळिंजला. "माझं बांबूचं बेट जन्मात जागचं हललं नाही," ते म्हणाले, "आनी ह्या काडीनं जग बघितलं." माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी ब्रश परत दिला. "नातीनं पाठवला ना? मग घासा. त्याचं गनित वेगळं."

त्यांच्या स्वतःच्या घरात काय होतं म्हणाल, तर आपण ज्याला पर्यावरण म्हणतो ते सगळंच होतं आणि त्यातल्या कशालाही ते पर्यावरण म्हणत नसत. अंघोळीची बादली प्लास्टिकचीच, पण लग्नातली. कडी तुटल्यावर सुंभाची दोरी बांधलेली. शर्ट फाटला की त्याचं फडकं, फडक्याचं पुसणं, पुसण्याचं पायपुसणं. मी एकदा म्हटलं, "मालक, तुम्ही तर आदर्श आहात." तर रागावले. "आदर्श कसला? कंजूस आहे. काकीला विचारा."

आता बावखलाकडे येते.

मालकांना दोन मुलगे. दोघेही नोकरीला मुंबईत, राहायला घरीच, आणि दोघांनाही वाडी बिल्डरला द्यायची होती. जमिनीवर तिघांची नावं. मोठा मुलगा वाईट नव्हता, सरळ बोलणारा होता. एकदा अंगणातच, आमच्यासमोर, तो वडिलांना म्हणाला, "बाबा, वैशाखात जोपर्यंत बावखलात पाणी आहे तोपर्यंत मी सहीचा विषय काढणार नाही. पण ते आटलं ना, तर मग मी कोरड्या खड्ड्यासाठी नाही थांबणार. टाकू भरून."

मालक म्हणाले, "आटलं तर." त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ते कधी आटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठरवलं, की सगळ्यांनी शाडूच्याच मातीचे गणपती आणायचे. उत्साही माणूस. दर गणपतीत ते काहीतरी नवीन काढत. प्लास्टरचे गणपती पाण्यात विरघळत नाहीत, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर हात-पाय तुटून पडलेले दिसतात, बघवत नाही, हे सगळं खरंच होतं. पण विसर्जन करायचं कुठे? सेक्रेटरी मालकांकडे गेले. म्हणाले, "काका, माती मातीला मिळेल. तुमच्या बावखलापेक्षा चांगली जागा कुठली?"

मला वाटलं, आता मालक ह्यांची उलटतपासणी घेतील. शाडू कुठनं येतो, गाडीने येतो का, रंग कसला. मी ऐकायला खिडकीत उभी राहिले. पण मालकांचा चेहरा उजळला. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अशी एक गोष्ट सापडली होती, जिच्या पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. माती पाण्यात गेली, तळाशी बसली, संपलं. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "आना."

आणि ते सुंदरच झालं, मुलांनो. फटाके नाहीत, ट्रक नाहीत. काकींनी काठावर समया लावल्या. मालक कमरेइतक्या पाण्यात उभे, प्रत्येकाचा गणपती हातात घेऊन, तीनदा बुडवून अलगद सोडत होते. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन इमारतींनी विचारलं, तिसऱ्या वर्षी पलीकडच्या गल्लीने. मालक कुणालाच नाही म्हणाले नाहीत. सोसायटीच्या फाटकावर 'हरित सोसायटी' अशी पाटी लागली.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात बावखलाचं पाणी खाली गेलं. चैत्रात पंप हवा ओढायला लागला, त्याची घरघर आमच्या खिडकीत ऐकू यायची. वैशाखात केळी माना टाकून उभ्या. काकी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बादलीने मोगऱ्याला घालत होत्या. एका सकाळी मोठा मुलगा टेप घेतलेल्या एका माणसाला घेऊन वाडीत उतरला. दोघे कुंपणाच्या कडेने मापं घेत चालले होते. मालक त्यांच्याकडे बघतही नव्हते. ते बावखलाच्या तळाशी उतरून उभे होते. मी घाईघाईने खाली गेले.

त्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत राखाडी गाळात रुतले होते. गाळ कसला, लोणीच. बोटांत धरला की सोडेना. त्यांनी एक गोळा करून माझ्यासमोर धरला.

"बाई, हे काय आहे माहीत आहे? पुट्टी. रंग द्यायच्या आधी भिंतीची भोकं बुजवायला लावतात, ती. ह्याच्याखाली माझे झरे आहेत." मग म्हणाले, "मी माझ्या बावखलाला पुट्टी मारली."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात सगळे जमले आणि माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला तो आजवर निस्तरलेला नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, मातीने असं होणारच नाही. शाडू नैसर्गिक आहे. नैसर्गिक गोष्टीने नुकसान कसं होईल?"

"साप पन नैसर्गिक आहे," मालक म्हणाले.

"अहो, दोष आमच्या बोअरचा असेल. दोन बोअर दिवसभर चालतात. तुमच्या झऱ्यांचं पाणी आम्हीच ओढत असू." स्वतःच्या सोसायटीवर दोष घेणारा सेक्रेटरी मी पहिल्यांदाच पाहत होते. शाडूवर आळ येऊ नये म्हणून ते बोअरचा बळी द्यायला तयार होते.

मोठा मुलगा म्हणाला, "सेक्रेटरी, ना माती ना बोअर. सगळीकडे काँक्रीट झालंय, पाऊस मुरणार कुठे? बाबांना पटत नाही, पण हे आज ना उद्या होणारच होतं."

काकी म्हणाल्या, "तुम्ही कारनं शोधत बसा. माझा मोगरा मरतोय."

मी कुणाचं ऐकू? प्लास्टरचा गणपती वाईट, शाडूचा त्याच्यापेक्षा बरा, पण शाडूने झरे बुजतात. टँकर कमी लागावेत म्हणून बोअर मारली, तर बोअरने बावखल आटलं. चांगलं करायला गेलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दाराने वाडीत शिरून बसली होती. मी मालकांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "वाटून काय करू? काढून बघतो."

मुलाने त्यांना एक वर्ष दिलं. स्वतःहून दिलं, एवढं सांगायला हवं. "पुढच्या वैशाखापर्यंत, बाबा. मग मात्र नाही."

मग गाळ उपसला. पावसाच्या आधी, भर उन्हात. मालक, दोन्ही मुलगे, त्यांचे चुलतभाऊ आणि आमच्या सोसायटीतली गणपती सोडायला येणारी बरीचशी मंडळी ओळीने उभी राहून घमेली वर देत होती. मी काठावर बसून सरबत ओतत होते. सेक्रेटरी रोज ऑफिसला जायच्या आधी तासभर येत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. गाळाखाली जुनी काळी माती लागली तेव्हा मालकांनी ती हाताने चाचपली आणि सगळ्यांना वर जायला सांगून एकटेच खाली बराच वेळ बसून राहिले.

पावसाळा बरा झाला. बावखल भरलं. त्या वर्षी गणपती कुणी बावखलात सोडले नाहीत, गाडी करून समुद्रावर नेले. पण पावसाळ्यात ते भरतंच, खरी परीक्षा वैशाखात. आम्ही सगळेच खिडकीतून पाण्याकडे बघायचो, कुणी आजारी असल्यासारखं. फाल्गुनात पाणी होतं. चैत्रात होतं. वैशाखात पंप चालू झाला आणि त्यातून घरघर नाही, पाण्याचाच आवाज आला. मोठा मुलगा काठावर उभा राहून बघून गेला. त्याने कुणाला फोन केला नाही. टेपवाला माणूसही पुन्हा दिसला नाही.

मी पेढे घेऊन गेले. सेक्रेटरी आधीच तिथे होते, आनंदाने लाल झालेले. म्हणाले, "काका, आता सांगतो. तुम्हाला मुद्दाम बोललो नव्हतो. तुम्ही गाळ काढत होतात ना, त्याच आठवड्यात आपल्याला नळाचं पाणी वाढवून मिळालं आणि मी कमिटीत भांडून दोन्ही बोअर बंद करून टाकल्या. म्हटलं, काकांसाठी एवढं करायचंच."

मालकांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"त्याच आठवड्यात?"

"हो!"

"गाळ काढला, त्याच आठवड्यात बोअर बंद केल्या?"

"हो ना काका. तुमच्यासाठी."

"अरे मूर्खा," मालक ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दोन्ही एकदम कशाला केलंस? आता कळनार कसं?"

"काय कळणार?"

"पानी कशानं आलं ते!"

बिचारे सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. मी काकींकडे बघितलं. काकींनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पानी आलं म्हनून रडनारा मानूस मी पहिल्यांदा बघितला."

पुढचे दोन महिने मालक कुणाशी धड बोलले नाहीत. वाडी वाचली होती, मोगरा हिरवागार होता, मुलगा गप्प होता. पण त्यांना चैन नव्हती. मला एकदा भिंतीवरून म्हणाले, "बाई, माझ्या हातून झरे बुजले का नाही बुजले, एवढं मला कळायला नको?" मग श्रावणात त्यांना मार्ग सापडला. बोअर बंदच आहेत. यंदा पुन्हा सगळ्यांचे गणपती बावखलात सोडायचे. पाणी गेलं, तर दोष मातीचा. राहिलं, तर बोअरचा. त्यांनी सेक्रेटरींना तसं कळवलं. सेक्रेटरी खूश झाले. मोठ्या मुलाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाबा, एकदा दिलं वर्ष. पुन्हा आटलं, तर मी नाही थांबणार." मालक म्हणाले, "माहीत आहे." काकी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

दीड दिवसाच्या गणपतींच्या संध्याकाळी आम्ही सगळे वाडीत जमलो. मी आमचा छोटा गणपती पाटावर घेऊन उभी होते. शेजारच्या इमारतींतलेही आले होते. आरती झाली. रिवाज असा, की पहिला गणपती मालकांच्या घरचा. त्यांनी तो छातीशी धरला आणि काठ उतरून ते पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. पाणी इतकं निवळ होतं, की त्यांच्या अर्ध्या पँटीभोवती फिरणारे बारके मासे वरून दिसत होते.

ते तिथे उभे राहिले. 'मोरया' म्हणणारी मुलं थोड्या वेळाने थांबली. सेक्रेटरींनी हळूच हाक मारली, "काका?" मालकांनी गणपती थोडा खाली नेला. त्याच्या पायाला पाणी लागलं असेल नसेल. मग पुन्हा वर घेतला. मोठा मुलगा काठावर हाताची घडी घालून उभा होता. काकी समईची वात सारखी करत होत्या आणि त्यांचं लक्ष वातीकडे नव्हतं.

मालक वळले आणि गणपती घेऊन वर आले.

"नको," ते म्हणाले.

"काका, तुमचा प्रयोग?" सेक्रेटरी गडबडले.

"राहू दे."

"पण मग कळणार कसं, माती का बोअर?"

"नाही कळलं तर नाही कळलं. पानी राहू दे."

कुणीतरी पुटपुटलं, निघालेला गणपती असा माघारी आणत नाहीत. काकी पुढे झाल्या आणि त्यांनी मालकांच्या हातातल्या गणपतीवर आपल्या पदराचं टोक धरलं, पाऊस नव्हता तरी. मग सगळी माणसं आपापले गणपती घेऊन वाडीबाहेर निघाली. कुठे जायचं ते कुणीच ठरवलं नव्हतं, गाडीही सांगितलेली नव्हती. शेवटी सेक्रेटरींनी वॉचमनला सांगून पार्किंगमध्ये एक मोठा निळा ड्रम मांडला आणि नळाची पाइप लावून तो भरला. आम्ही गाड्यांच्या मधून रांग लावली.

मालक ओल्या कपड्यांनी माझ्यामागे येऊन उभे राहिले. रांग हळूहळू सरकत होती. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला काय वाटतं? माती का बोअर?"

"मला नाही सांगता येत, मालक."

"मला पन नाही," ते म्हणाले. मग माझा नंबर झाला, त्यांचा आला, आणि त्यांनी आपला गणपती ड्रममध्ये सोडला.